तुंबलेली मेमरी : फेसबुकचे नवे संकेतस्थळ आणि रिॲक्ट १८ मधील साफसफाई

मे २०२० मध्ये फेसबुकने आपल्या संकेतस्थळाचे नवे रूप सर्वांसाठी खुले केले. वापरणाऱ्याच्या नजरेत भरली ती मोकळी मांडणी आणि गडद पार्श्वभूमीची सोय. परंतु खरा बदल आतल्या बांधणीत होता. जुन्या रचनेत एका भागातून दुसऱ्या भागात जाताना सर्व्हरकडून नवे पान येत असे, आणि नवे पान आले की ब्राउझर जुन्या पानाचा सगळा पसारा, म्हणजे त्यावरचे घटक, चलांची मूल्ये, टायमर आणि उघडी राहिलेली कनेक्शने, एकगठ्ठा टाकून देत असे. नव्या रचनेत रिॲक्ट या लायब्ररीवर उभा असलेला एकच अनुप्रयोग पान न बदलता त्यावरचा मजकूर बदलत राहतो. मुख्य प्रवाहातून एखाद्या समूहाकडे, तिथून छायाचित्राकडे आणि पुन्हा मागे, असा तासभर फिरलेला माणूस तांत्रिकदृष्ट्या एकाच पानावर बसून असतो. पूर्वी दर टिचकीसरशी आपोआप होणारी झाडलोट आता कोणी तरी मुद्दाम करायची होती, आणि ती पुरेशी होत नव्हती हे लवकरच दिसू लागले. टॅब जितका वेळ उघडा राही तितकी मेमरी चढत जाई, आणि मेमरी संपून टॅब कोसळण्याचे प्रकार वाढत होते.

या प्रकरणाचा शेवट, निदान जाहीर झालेला शेवट, २०२२ मध्ये झाला. त्या वर्षी २९ मार्चला रिॲक्टची १८ वी आवृत्ती आली आणि तिच्या घोषणेत एक साधे वाक्य होते: कंपोनंट, म्हणजे पडद्यावरचा एक स्वतंत्र भाग, काढला जाताना रिॲक्ट आता आपली अधिक अंतर्गत फील्ड साफ करते, त्यामुळे तुमच्या कोडमध्ये राहून गेलेल्या मेमरी लीकचा परिणाम कमी तीव्र होईल. सप्टेंबरमध्ये फेसबुकची मालक कंपनी मेटा हिने मेमलॅब हे आपले मेमरी लीक शोधणारे साधन सर्वांसाठी खुले केले आणि त्या निमित्ताने हा सगळा इतिहास सांगितला. रिॲक्टच्या घोषणेतल्या त्या वाक्याची शब्दयोजना मला फार अर्थपूर्ण वाटते. लीक बंद केली असे त्यात म्हटलेले नाही. तिचा परिणाम कमी केला, इतकेच म्हटले आहे. या दोन गोष्टींतला फरक हाच या प्रकरणाचा गाभा आहे.

आधी एका शब्दाबद्दल. मेमरी लीकला आपण सर्रास ‘मेमरीची गळती’ म्हणतो आणि तो शब्द आता रूढही झाला आहे. पण तो मनात चुकीचे चित्र उभे करतो. गळतीत पाणी बाहेर जाते. येथे काहीच बाहेर जात नाही; जे जायला हवे ते आतच अडून राहते. हे तुंबलेल्या मोरीसारखे आहे. मोरी तुंबते तेव्हा आत अडकलेला बोळा अनेकदा चिमूटभर केसांचाच असतो, आणि त्याच्यामागे साचलेले पाणी मात्र अख्ख्या न्हाणीघरभर पसरते. बोळ्याचा आकार आणि साचलेल्या पाण्याचे प्रमाण यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. फेसबुकच्या बाबतीत नेमके हेच घडत होते: विसरून राहिलेला रेफरन्स, म्हणजे एका वस्तूकडून दुसरीकडे जाणारा दुवा, काही बाइटांचा, आणि त्याच्यामागे अडकलेले पानाचे पूर्ण दृश्य.

कलेक्टरला काय दिसते

जावास्क्रिप्टमध्ये मेमरी हाताने मोकळी करावी लागत नाही. ते काम गार्बेज कलेक्टर करतो. तो ठरावीक मुळांपासून सुरुवात करतो. ग्लोबल ऑब्जेक्ट, सध्या चालू असलेल्या फंक्शनांचा स्टॅक आणि ब्राउझरने स्वतःकडे धरून ठेवलेल्या काही नोंदी ही ती मुळे होत. तिथून रेफरन्सच्या वाटांनी जिथे जिथे पोहोचता येते ते सर्व तो जिवंत मानतो आणि उरलेले टाकून देतो. एखाद्या वस्तूचा उपयोग संपला आहे का, हे त्याला कळत नाही आणि कळणे शक्यही नाही. तिच्यापर्यंत वाट शिल्लक आहे का, एवढेच तो पाहतो. गाव सोडून वीस वर्षे झालेल्या माणसाचे नाव मतदार यादीत राहावे, तसा पडद्यावरून कधीच गेलेला कंपोनंट त्याच्या यादीत राहतो, कारण नाव कमी करण्याचा अर्ज कोणी केलेलाच नसतो.

इथे एक जुना गैरसमज बाजूला ठेवणे आवश्यक आहे. इंटरनेट एक्सप्लोरर ६ मध्ये पानावरचे घटक आणि जावास्क्रिप्टमधल्या वस्तू यांचा हिशेब दोन वेगळ्या पद्धतींनी ठेवला जात असे. घटकांकडे रेफरन्स मोजण्याची पद्धत होती, तर स्क्रिप्टकडे स्वतःचा कलेक्टर होता. एखादा घटक आणि त्याचा हँडलर, म्हणजे टिचकीसारख्या घटनेला प्रतिसाद देणारे फंक्शन, एकमेकांना धरून बसले की दोन्ही हिशेब जुळत नसत आणि दोघेही कायमचे अडकत. इंटरनेट एक्सप्लोरर ८ पर्यंत हा दोष दूर झाला, पण ‘वर्तुळाकार रेफरन्स टाळा’ हा सल्ला मात्र जुन्या लेखांतून आणि मुलाखतींच्या प्रश्नांतून आजही फिरत असतो. आजच्या कलेक्टरला वर्तुळाचे काहीच वाटत नाही. हजार वस्तू एकमेकींना घट्ट धरून बसल्या असल्या तरी बाहेरून त्यांच्यापर्यंत एकही वाट नसेल, तर तो सगळ्यांना एकदमच निरोप देतो. अडचण येते ती बाहेरून आत येणारी एखादी वाट उरली तर. मग तो हजारांतल्या एकीलाही हात लावत नाही.

फायबरचे जाळे

रिॲक्ट २०१७ च्या १६ व्या आवृत्तीपासून प्रत्येक कंपोनंटसाठी आणि प्रत्येक घटकासाठी फायबर नावाची एक अंतर्गत नोंद ठेवते. याला फायबरवृक्ष म्हणण्याची पद्धत आहे, पण वृक्ष हे नाव फसवे आहे. प्रत्येक फायबरकडून खाली पहिल्या अपत्याकडे, बाजूला पुढच्या भावंडाकडे आणि वर पालकाकडे रेफरन्स जातो. शिवाय प्रत्येक फायबरची सहसा एक जोडनोंद असते, कारण रिॲक्ट पडद्यावर असलेली आणि तयार होत असलेली अशा दोन प्रती आलटून पालटून वापरते. त्या दोन्ही एकमेकींना धरून असतात. घटकाच्या फायबरकडून खऱ्या डीओएम घटकाकडे, म्हणजे ब्राउझरने पानावर मांडलेल्या घटकाकडे, रेफरन्स असतो, डीओएम घटकाला त्याचे पालक, अपत्ये आणि भावंडे ठाऊक असतातच, आणि रिॲक्ट त्या डीओएम घटकावर एका अंतर्गत नावाखाली फायबरचा रेफरन्सही नोंदवून ठेवते. थोडक्यात, या जाळ्याच्या कोणत्याही एका गाठीपासून इतर कोणत्याही गाठीपर्यंत जाता येते. रंगवण्याच्या कामाला हे सोयीचे असले तरी मोडण्याच्या कामात तेच अंगावर येते.

एक ठोस उदाहरण घेऊ. छायाचित्राच्या दृश्यात उजवीकडे प्रतिक्रियांची एक चौकट आहे. खिडकीचा आकार बदलला की तिला आपली उंची पुन्हा मोजायची असते, म्हणून पडद्यावर येताना ती ब्राउझरच्या विंडो ऑब्जेक्टवर आकारबदलाचा एक लिसनर, म्हणजे आकार बदलला की चालणारे फंक्शन, लावते. त्या लिसनरमध्ये दोनच ओळी आहेत: उंची मोजा, आणि स्टेट (कंपोनंटने स्वतःकडे ठेवलेली माहिती) बदला. लिहिणारा लिसनर काढून टाकायला विसरला. वापरणाऱ्याने छायाचित्र बंद केले. दृश्य पडद्यावरून गेले.

आता कलेक्टरच्या नजरेने पाहा. विंडो ऑब्जेक्ट जिवंत आहे, म्हणून त्याचा लिसनर जिवंत. लिसनर हे क्लोजर आहे, म्हणजे ज्या परिसरात ते जन्मले त्या परिसरातील चले ते सोबत घेऊन फिरते. त्यांत स्टेट बदलणारे फंक्शन आहे. हे फंक्शन रिॲक्टने त्या कंपोनंटच्या फायबरशी बांधूनच हाती दिलेले असते, नाहीतर कोणाची स्टेट बदलायची हे त्याला कळणार कसे? म्हणून फायबर जिवंत. फायबरकडून वर पालकाकडे, तिथून छायाचित्राच्या संपूर्ण दृश्याकडे, त्यातून पुन्हा खाली प्रत्येक प्रतिक्रियेकडे, प्रत्येक बटणाकडे, त्यांच्या डीओएम घटकांकडे आणि त्यांना पुरवलेल्या माहितीकडे. दोन ओळींच्या एका फंक्शनमुळे हजारो वस्तू अडकून पडतात. वापरणाऱ्याने पुढचे छायाचित्र उघडून बंद केले की दुसरा संच जमा होतो, आणि मग तिसरा.

त्या काळी रिॲक्ट काहीच साफ करत नव्हती असे मात्र नाही. काढून टाकलेल्या भागाचा जो सर्वांत वरचा फायबर असेल, त्याचा पालकाकडे जाणारा रेफरन्स आणि इतर काही फील्ड ती तोडत असे. म्हणजे तोडलेला भाग जिवंत वृक्षापासून सुटत असे. परंतु त्या भागाच्या आतले सगळे धागे शाबूत राहत. फांदी झाडापासून कापली, पण फांदीची पाने फांदीलाच. बाहेरून कोणी एका पानाला धरले की फांदी सबंध हातात येत होती.

शोध

अशा दोषाचे निदान अवघड असते ते एका विचित्र कारणाने: तो कुठेही चुकत नाही. पडद्यावर सगळे बरोबर दिसते, चाचण्या उत्तीर्ण होतात, त्रुटींच्या नोंदवहीत काही येत नाही, आणि लिहिणारा स्वतः आपले पान दर पाच मिनिटांनी पुन्हा लोड करत असल्यामुळे त्याला तर तो कधीच भेटत नाही. तो भेटतो सकाळी टॅब उघडून संध्याकाळपर्यंत तसाच ठेवणाऱ्याला.

क्रोम ब्राउझरच्या विकासक साधनांत हीप स्नॅपशॉट घेता येतो, म्हणजे त्या क्षणी मेमरीत असलेल्या सर्व वस्तूंची आणि त्यांच्यातल्या रेफरन्सची पूर्ण नोंद. एकच स्नॅपशॉट फारसे काही सांगत नाही, कारण मोठ्या अनुप्रयोगात लाखो वस्तू असतात आणि त्यांतल्या बहुतेक हव्याच असतात. म्हणून तीन स्नॅपशॉटची पद्धत वापरतात. जीमेलवर काम करणाऱ्यांनी २०१३ मध्ये गूगलच्या वार्षिक परिषदेत तिचे एक रूप मांडले होते. पहिला स्नॅपशॉट कृतीच्या आधी, दुसरा कृतीनंतर, तिसरा ती कृती उलटवून पूर्वस्थितीला आल्यावर. पहिल्यानंतर जन्मलेल्या, दुसऱ्यात असलेल्या आणि तिसऱ्यातही टिकून राहिलेल्या वस्तू संशयित. क्रोममधील व्ही८ इंजिन प्रत्येक वस्तूला दिलेला क्रमांक एका स्नॅपशॉटमधून दुसऱ्यात कायम ठेवते, म्हणूनच ही वजाबाकी शक्य होते.

मेमलॅब हेच काम स्वयंचलितपणे करते. चाचणी लिहिणारा तीन गोष्टी सांगतो: कोणत्या पानावर सुरुवात करायची, कोणती कृती करायची आणि मागे कसे यायचे. साधन एक ब्राउझर उघडून ते सर्व स्वतः करते, स्नॅपशॉट घेते आणि वजाबाकी मांडते. त्यापुढचे पाऊल मात्र खरे कसबाचे आहे. टिकून राहिलेली प्रत्येक वस्तू दोषी नसते. पुन्हा लागेल म्हणून मुद्दाम ठेवलेला कॅशही टिकून राहतो, आणि पहिल्या भेटीत उशिरा लोड झालेला कोडही. म्हणून मेमलॅब रिॲक्टची आणि ब्राउझरची ओळख वापरून वृक्षापासून सुटलेले फायबर आणि पानापासून सुटलेले डीओएम घटक वेगळे काढते, प्रत्येकासाठी मुळापासूनची वाट दाखवते आणि एकसारख्या वाटा एकत्र गटवते. हजारो वस्तू अडकलेल्या असल्या तरी वाटा मोजक्याच निघतात. सगळ्या त्याच लिसनरमधून किंवा त्याच मॉड्यूलमधल्या कॅशमधून गेलेल्या असतात. मोरीत हात घालून बोळा कुठे आहे हे सांगणारे ते साधन आहे.

दुरुस्ती कोणी करायची

सरळ उत्तर असे की ज्याने लिसनर लावला त्याने तो काढावा. फेसबुकच्या चमूने अशा अनेक चुका एकेक करून दुरुस्त केल्याही. पण हजारो कंपोनंट असलेल्या, रोज बदलणाऱ्या कोडमध्ये आज शंभर बोळे काढले तर उद्या दहा नवे अडकणारच, आणि त्यांतले काही तर बाहेरून आणलेल्या लायब्ररीत असणार, जिथे आपला हात पोहोचत नाही. म्हणून दुसरा प्रश्न पुढे आला: बोळा अडकणारच असेल, तर त्याच्यामागे इतके पाणी साचण्याचे कारण काय?

उत्तर होते फायबरचे घट्ट विणलेले जाळे, आणि ते रिॲक्टच्या हातात होते. १८ व्या आवृत्तीसाठी केलेल्या बदलात काढून टाकलेल्या भागाच्या फक्त शेंड्यालाच नव्हे, तर त्यातील प्रत्येक फायबरला भेट देऊन त्याचे धागे तोडले जातात: अपत्याकडचा, भावंडाकडचा, जोडनोंदीकडचा, पालकाकडचा आणि डीओएम घटकाकडचा. डीओएम घटकावर नोंदवलेले रिॲक्टचे अंतर्गत रेफरन्सही पुसले जातात. त्यानंतर बाहेरून कोणी एका फायबरला धरून बसले असले, तरी त्याच्या हाती तेवढा एकच फायबर राहतो. उरलेला सगळा भाग कलेक्टरकडे जातो.

हे सांगायला सोपे आहे, पण क्रम चुकला तर अनुप्रयोग मोडतो, आणि म्हणूनच या बदलातला तपशील मला महत्त्वाचा वाटतो. भाग काढला त्याच क्षणी सगळे धागे तोडता येत नाहीत, कारण त्या भागातल्या कंपोनंटांनी आपापल्या इफेक्टमधून, म्हणजे पडद्यावर आल्यानंतर चालणाऱ्या कामातून, दिलेली साफसफाईची फंक्शने अजून चालवायची असतात, आणि त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी अपत्य-भावंडांचे तेच धागे लागतात. म्हणून रिॲक्ट दोन टप्पे करते. पहिल्या टप्प्यात फक्त शेंड्याचा पालकाकडचा धागा तुटतो, जेणेकरून सुटलेल्या भागातले इव्हेंट वर झिरपत जाऊ नयेत. पडदा अद्ययावत झाल्यानंतरच्या निवांत टप्प्यात साफसफाईची फंक्शने चालतात, आणि त्या फेरीतच, काम झालेल्या प्रत्येक फायबरचे उरलेले धागे तोडत रिॲक्ट पुढे जाते. घरातली माणसे आधी बाहेर काढायची आणि मग भिंती पाडायच्या, इतका हा साधा विचार आहे. फक्त तो कोडमध्ये नीट बसवावा लागतो.

या कामात रिॲक्टच्या स्वतःच्या घरातलाही एक बोळा सापडला. समजा एका यादीत तीन ओळी आहेत आणि मधली काढली. पहिली ओळ जिवंत आहे; तिची जोडनोंदही जिवंत आहे, कारण पुढच्या बदलाच्या वेळी ती पुन्हा वापरली जायची आहे. पण ती जोडनोंद जुन्या प्रतीतली असल्यामुळे तिचा भावंडाकडचा धागा अजूनही काढलेल्या मधल्या ओळीकडेच जातो. म्हणजे कोणाचीही चूक नसताना, निव्वळ दोन प्रती ठेवण्याच्या पद्धतीमुळे, काढलेली ओळ पुढच्या बदलापर्यंत अडकून राहते. जिवंत फायबरची जोडनोंद तोडता येत नाही. म्हणून ज्या पालकातून काही काढले गेले असेल, त्याच्या जुन्या प्रतीतील अपत्यांची साखळी तेवढी विलग केली जाते.

सगळा बदल पायरीपायरीने चालू-बंद करता येईल अशा स्विचमागे ठेवला होता. शेवटच्या, सर्वांत आक्रमक पायरीवर कोडमध्ये लिहिलेली टिप्पणी प्रांजळ आहे: तत्त्वतः यातले काहीच आवश्यक नसावे, तरीही हे करून मेमरीत फरक पडला, तर रिॲक्टमध्येच आपल्याला माहीत नसलेली एखादी लीक आहे असा त्याचा अर्थ होईल. दुरुस्ती आणि प्रयोग एकाच ओळीत करण्याचा हा प्रामाणिकपणा उत्पादनाच्या कोडमध्ये क्वचित दिसतो.

भीती एकच होती. प्रत्येक फायबरला भेट देणे हे जास्तीचे काम आहे, त्यामुळे कंपोनंट काढण्याची क्रिया मंदावेल असे वाटत होते. प्रत्यक्षात मेटाने नोंदवले ते असे की फेसबुकवरील सरासरी मेमरी वापर जवळजवळ २५ टक्क्यांनी घटला, आणि मेमरी कमी झाल्यामुळे गतीही उलट सुधारली. नीट विचार केला तर यात आश्चर्य नाही: कलेक्टरला जितक्या जिवंत वस्तू पाहाव्या लागतात तितका त्याला वेळ लागतो, आणि तो वेळ पडदा रंगवण्याच्या वेळातूनच जातो.

जे तरीही अडकते

इथे एक सावधगिरी नोंदवायला हवी, कारण ही बातमी ऐकून ‘आता रिॲक्टच बघून घेते’ असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात. आपल्या उदाहरणातला लिसनर १८ व्या आवृत्तीतही विंडोवरच असतो. खिडकीचा आकार बदलला की तो चालतो, जितक्या वेळा छायाचित्र उघडले तितक्या प्रतींत चालतो, आणि कधीच निघून गेलेल्या चौकटीची उंची मोजण्याचा प्रयत्न करतो. त्याच्या क्लोजरमध्ये प्रतिक्रियांची पूर्ण यादी आली असेल तर ती यादीही अडकलेलीच राहते. ती फायबरमधून नव्हे, थेट क्लोजरमधूनच धरलेली असते, म्हणून फायबर तोडून ती सुटत नाही. लिसनरऐवजी दर सेकंदाला चालणारा टायमर असेल, तर मेमरीसोबत प्रोसेसरचाही वेळ जातो.

क्लोजर किती धरते, हेही वरवर पाहून कळत नाही. व्ही८ मध्ये एकाच परिसरात जन्मलेली सर्व फंक्शने त्या परिसराची एकच नोंद वाटून घेतात. एका फंक्शनने मोठ्या यादीचा उल्लेख केला, की त्या यादीशी संबंध नसलेले शेजारचे फंक्शनही ती धरून ठेवते. मीटिअर या फ्रेमवर्कच्या टेम्प्लेट रंगवणाऱ्या भागात २०१३ मध्ये अशीच एक लीक सापडली होती, आणि ती शोधणाऱ्यांनाही प्रथमदर्शनी ती आश्चर्याचीच वाटली.

म्हणून कंपोनंटने जे जे स्वतःच्या बाहेर लावले, ते ते काढण्याचे फंक्शन इफेक्टमधून परत करणे हे लिहिणाऱ्याचेच काम राहते. त्यातही काही खाचखळगे आहेत. लिसनर काढताना नेमके तेच फंक्शन द्यावे लागते जे लावताना दिले होते. दोन्ही ठिकाणी जागच्या जागी लिहिलेले निनावी फंक्शन दिले, तर ती ब्राउझरच्या दृष्टीने दोन वेगळी फंक्शने असतात आणि काढण्याची ओळ मुकाट्याने काहीच करत नाही. कॅप्चरचा पर्याय लावताना दिला असेल तर तो काढतानाही द्यावा लागतो. रद्दीकरणाचा संकेत देणारा अबॉर्ट कंट्रोलर वापरला तर हा त्रास वाचतो, कारण एकाच संकेतावर अनेक लिसनर आणि सुरू असलेल्या विनंत्याही रद्द होतात. माझ्या मते ही सवय अजून व्हावी तितकी रूढ झालेली नाही. आणखी एक खाच १७ व्या आवृत्तीने आणली. तिच्यापासून इफेक्टची साफसफाई पडदा अद्ययावत झाल्यानंतर चालते, आणि तोवर रेफ, म्हणजे डीओएम घटक हाताशी ठेवण्याची रिॲक्टमधली जागा, रिकामा झालेला असू शकतो. साफसफाईच्या फंक्शनात रेफकडे तेव्हा पाहिले तर हाती काही लागत नाही, आणि त्या घटकावर लावलेले निरीक्षण बंद करायचे राहून जाते. घटक इफेक्टच्या सुरुवातीलाच एका चलात घेऊन ठेवला, की प्रश्न मिटतो.

सर्वांत दुर्लक्षित प्रकार मात्र छायाचित्रांचाच आहे. वापरणाऱ्याने निवडलेल्या फाइलची झलक दाखवण्यासाठी तिचा तात्पुरता पत्ता तयार करतात. तो पत्ता आपण रद्द करेपर्यंत किंवा पान बंद होईपर्यंत ब्राउझर ती फाइल धरून ठेवतो. एकपानी अनुप्रयोगात पान बंद होतच नाही. कंपोनंट गेला, फायबर गेले, डीओएम गेला, कलेक्टरने सगळे नेले, तरी काही मेगाबाइटांचे छायाचित्र तिथेच. ते जावास्क्रिप्टच्या हीपमध्ये नसल्यामुळे हीप स्नॅपशॉटमध्येही त्याचे वजन दिसत नाही.

एक इशारा गेला, एक सराव आला

याच १८ व्या आवृत्तीत रिॲक्टने एक जुना इशाराही काढून टाकला. पडद्यावरून गेलेल्या कंपोनंटची स्टेट बदलण्याचा प्रयत्न झाला की ‘हे मेमरी लीकचे लक्षण आहे’ असे तांबड्या अक्षरांत दिसत असे. तो इशारा विसरलेल्या सबस्क्रिप्शनसाठी, म्हणजे लिसनरसारख्या काढायच्या राहिलेल्या जोडण्यांसाठी, होता. पण बहुतेकांना तो भेटायचा वेगळ्याच ठिकाणी. बटण दाबले, सर्व्हरला विनंती गेली, उत्तर येण्याआधी वापरणारा दुसरीकडे गेला, उत्तर आल्यावर स्टेट बदलण्याचा प्रयत्न झाला. यात लीक नाहीच. उत्तर आले की तो रेफरन्स आपोआप सुटतो. तरी लाल अक्षरे नकोत म्हणून लोक ‘मी अजून पडद्यावर आहे का’ अशी खूण प्रत्येक कंपोनंटमध्ये ठेवू लागले आणि स्टेट बदलण्याआधी ती तपासू लागले. गंमत अशी की अशा तपासणीला रिॲक्टच्याच चमूने डिसेंबर २०१५ मध्ये गैरपद्धत ठरवले होते. खरी लीक असलेल्या ठिकाणी तर या खुणेने अधिकच नुकसान होत असे: लिसनर तसाच लावलेला, तो चालतोही, फक्त आता तो गप्प बसतो. बोळा काढण्याऐवजी वासावर अत्तर शिंपडण्यासारखे ते होते.

त्याच्या जागी आलेला उपाय मला अधिक शहाणपणाचा वाटतो, जरी सुरुवातीला त्यावर पुष्कळ कुरकुर झाली. कडक तपासणीची पद्धत, म्हणजे स्ट्रिक्ट मोड, चालू असेल तर विकासाच्या काळात रिॲक्ट प्रत्येक नवा कंपोनंट लावते, त्याची साफसफाई करून काढल्याचे नाटक करते आणि पुन्हा लावते. साफसफाई बरोबर असेल तर काहीच फरक जाणवत नाही. ती विसरली असेल तर लिसनर दोनदा लागतो, टायमर दोन चालतात, घड्याळ एका सेकंदात दोन आकडे पुढे जाते, आणि जो दोष संध्याकाळपर्यंत टॅब उघडा ठेवणाऱ्यालाच दिसला असता तो पान पाच मिनिटांनी लोड करणाऱ्यालाही पहिल्याच क्षणी दिसतो. ‘माझा इफेक्ट दोनदा का चालतो’ असे विचारून हा मोड बंद करणाऱ्यांनी आपल्या इफेक्टमधून काही परत केले आहे का, ते आधी पाहावे.

स्ट्रिक्ट मोडला जे दिसत नाही, उदाहरणार्थ मॉड्यूलच्या पातळीवर वाढत जाणारा कॅश किंवा बाहेरच्या आलेख-लायब्ररीने आत धरून ठेवलेला घटक, त्यासाठी शेवटी स्नॅपशॉटच घ्यावे लागतात. मेमलॅब बसवण्याइतका वेळ नसेल तर हातानेही काम भागते. संशयित दृश्य एकदा उघडून बंद करावे आणि ती फेरी हिशेबात धरू नये, कारण उशिरा येणारा कोड तेव्हा येतो. मग पहिला स्नॅपशॉट घ्यावा, दृश्य बरोबर सात वेळा उघडून बंद करावे, आणि दुसरा घ्यावा. पाच किंवा दहाऐवजी सात का, तर पाच-दहाच्या पटीत येणारे आकडे अनुप्रयोगात इतर कारणांनीही आढळतात. सात किंवा चौदा सुटलेले घटक, सात लिसनर किंवा एकवीस क्लोजर असे काही वाढलेले दिसले, तर तो योगायोग सहसा नसतो. त्यांतल्या कोणत्याही एका वस्तूवर टिचकी मारून तिच्यापासून मुळाकडे जाणारी वाट वाचत जावे. १८ व्या आवृत्तीआधी ती वाट फायबरांच्या दाट जंगलातून जायची आणि वाचणारा अर्ध्यावर हरवायचा. आता ती बहुधा आखूड असते, आणि तिच्या टोकाला आपणच लिहिलेल्या एखाद्या फंक्शनचे नाव असते.